नदी-तलावातल्या माशांमध्ये जिवाणूजन्य रोग कसा पसरतो: शोध घेण्याची आणि साखळी तोडण्याची रीत

सप्टेंबर २००२ मध्ये अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीच्या खालच्या टप्प्यात थोड्याच दिवसांत ३३ हजारांहून जास्त मोठे मासे मेले. बहुतेक सॅल्मन होते, समुद्रातून अंडी घालायला नदीत चढणारे. नदीला पाणी कमी होतं, जे होतं ते गरम होतं, आणि त्या वर्षी चढून आलेल्या माशांची संख्या मोठी होती. वर सरकायला अडलेले मासे मोजक्या डोहांत एकमेकांना खेटून थांबले आणि त्या गर्दीत दोन रोग एकदम पसरले. एक पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी आणि दुसरा कॉलमनेरिस, म्हणजे कल्ले कुजवणारा जिवाणूजन्य रोग. दोन्ही रोगकारक त्या नदीत आधीपासून होतेच. त्या वर्षी बदललं ते पाणी आणि माशांमधलं अंतर.

नैसर्गिक पाण्यातल्या रोगाचा विचार करताना मला ही घटना सगळ्यात आधी आठवते. मत्स्यशेतीच्या तळ्यात खाद्यातून औषध देता येतं, पाणी बदलता येतं, आजारी मासे वेगळे काढता येतात. नदीत यातलं काहीच करता येत नाही. त्यामुळे ‘औषध कोणतं?’ हा प्रश्न इथे कामाचा नाही. ‘एका माशातून दुसऱ्या माशात जायला जिवाणूला वाट कुठून मिळाली?’ हा प्रश्न कामाचा आहे, कारण ती वाट कधीकधी बंद करता येते. मासेमार, गळाने मासे धरणारे, नदीवर लक्ष ठेवणारे कार्यकर्ते, मत्स्यशास्त्राचे विद्यार्थी, यांपैकी कुणालाही ही वाट शोधता यावी म्हणून पुढची रीत पायरीपायरीने दिली आहे.

पायरी १: जिवाणू मुळातला की बाहेरून आलेला, हे आधी ठरवा

माशांना आजारी पाडणारे जिवाणू साधारण दोन प्रकारचे. पहिले पाण्यात, गाळात आणि निरोगी माशाच्या आतड्यातही कायम राहणारे. एरोमोनास हायड्रोफिला आणि त्याचे भाऊबंद, स्यूडोमोनास, बऱ्याच ठिकाणी कॉलमनेरिसचे फ्लेव्होबॅक्टेरियमही. हे संधीची वाट पाहतात. माशाची कातडी सोलवटली, प्राणवायू घटला, पाणी तापलं की तेच जिवाणू रोगकारक होतात.

दुसरे माशावरच अवलंबून असलेले. ते एखाद्या खोऱ्यात सापडले तर बहुतेक वेळा आजारी किंवा वाहक माशाबरोबर तिथे पोहोचलेले असतात. फुरुंक्युलोसिस, म्हणजे अंगात गळवं आणणारा रोग, करणारा एरोमोनास साल्मोनिसिडा आणि मूत्रपिंडाचा रोग करणारा रेनिबॅक्टेरियम साल्मोनिनारम ही त्याची उदाहरणं. फुरुंक्युलोसिसचं वर्णन एमेरिक आणि वायबेल यांनी १८९४ मध्ये बव्हेरियातल्या ट्राउट माशांवरून केलं. नॉर्वेत १९८५ मध्ये स्कॉटलंडहून आणलेल्या सॅल्मनच्या पिल्लांबरोबर हा रोग मत्स्यशेतीत शिरला, तिथून निसटलेल्या माशांबरोबर नद्यांत गेला, आणि १९९२ अखेरपर्यंत ७४ नद्यांमध्ये त्याची नोंद झाली.

पहिल्या प्रकारात तपास ‘पाण्यात काय बिघडलं?’ या दिशेने जातो, दुसऱ्यात ‘कोण, काय, कुठून घेऊन आलं?’ या दिशेने. दोन्ही प्रश्न एकदम विचारायला हरकत नाही, पण उत्तरं एकमेकांत मिसळू देऊ नका.

पायरी २: पसरण्याच्या वाटा नीट समजून घ्या

इथे थोडा वेळ द्या. पुढचं सगळं यावर उभं आहे.

सगळ्यात मोठी वाट म्हणजे पाणी. आजारी मासा विष्ठेतून, जखमेतून, कल्ल्यांवरून आणि अंगावरच्या बुळबुळीत थरातून सतत जिवाणू सोडत असतो. फुरुंक्युलोसिसने मरायला टेकलेला मासा ताशी लाखोंच्या संख्येने जिवाणू पाण्यात सोडू शकतो. वाहत्या, खोल पाण्यात ते लगेच विरळ होतात. दुसऱ्या माशाला लागण व्हायला पुरेशी मात्रा तिथे क्वचितच मिळते. तेच मासे आटत चाललेल्या डोहात असतील तर प्रत्येक मासा दर श्वासाला तेच पाणी कल्ल्यांवरून नेत असतो. पाण्याचं प्रमाण आणि माशांची दाटी, या दोन गोष्टींनी लागण ठरते.

मेलेले मासे ही दुसरी वाट, आणि लोक ती फार हलक्यात घेतात. कॉलमनेरिसवर झालेल्या प्रयोगांत मेलेल्या माशाने जिवंत आजारी माशापेक्षा जास्त जिवाणू पाण्यात सोडले आणि त्याच्यापासून लागणही अधिक झाली. मरण म्हणजे या जिवाणूचा शेवट नसतो, कारण मृत शरीरावर तो वाढतच राहतो. शिवाय मेलेला मासा इतर मासे खातात. म्हणजे पाण्याची वाट आणि पोटाची वाट एकाच वेळी उघडते.

तिसरी वाट जखमेची. माशाची कातडी आणि तिच्यावरचा बुळबुळीत थर हे त्याचं खरं चिलखत. त्या थरात जिवाणू मारणारी द्रव्यं असतात आणि तो सारखा गळून नवा येत असल्यामुळे चिकटलेले जिवाणूही वाहून जातात. जाळ्याच्या गाठींनी, कोरड्या हातांनी, दगडावर आपटून, विणीच्या काळातल्या भांडणांत किंवा पाणकावळ्याच्या चोचीतून सुटताना हा थर निघाला की तेवढ्या जागी दार उघडं पडतं. माशांची ऊ, म्हणजे अर्ग्युलस, आणि जळवा हेही भोकं पाडतात. अर्ग्युलस लागलेल्या ट्राउटमध्ये कॉलमनेरिसने होणारे मृत्यू वाढतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून आजारी माशावर परजीवी दिसले तर ‘हा वेगळा त्रास आहे’ म्हणून ते सोडून देऊ नका.

चौथी वाट अंड्यांची. रेनिबॅक्टेरियम आणि थंड पाण्यातला फ्लेव्होबॅक्टेरियम सायक्रोफिलम हे मादीकडून अंड्याच्या आत जातात. अंडी आयोडीनच्या द्रावणात बुडवून निर्जंतुक करतात तेव्हा वरचे जिवाणू मरतात, आतले राहतात. त्यामुळे वरून स्वच्छ दिसणारं मत्स्यबीज एका खोऱ्यातला रोग दुसऱ्या खोऱ्यात नेऊ शकतं.

पाचवी वाट वाहक माशांची, आणि शोधायला हीच सगळ्यात अवघड. साथीतून वाचलेला मासा धडधाकट दिसतो, खातो, पोहतो, आणि मूत्रपिंडात किंवा आतड्याच्या शेवटच्या भागात जिवाणू बाळगून असतो. तोंड लाल करणाऱ्या रोगाचा जिवाणू यर्सिनिया रकेरी, त्याचे वाहक मासे मधूनमधून, विशेषतः ताण आला की, जिवाणू बाहेर टाकतात. एखाद्या तलावात दोन वर्षं काही झालं नाही आणि तिसऱ्या उन्हाळ्यात अचानक मासे मेले, तर रोग बाहेरूनच आला असं लगेच म्हणता येत नाही ते याचमुळे.

पक्षी, पाण्यातली भांडी, बोटीचा तळ, ओले बूट हे सगळे जिवाणू इकडून तिकडे नेऊ शकतात. पण माझ्या मते यातली सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे जिवंत आमिष. छोटे मासे एका पाण्यातून धरून दुसऱ्या पाण्यात गळाला लावणं आणि उरलेले तिथेच सोडून देणं म्हणजे जिवाणू, परजीवी आणि विषाणूंना घरपोच सेवा देणं.

पायरी ३: ‘आत्ताच का?’ याचं उत्तर शोधा

पाण्याच्या तापमानापासून सुरुवात करा. मासा थंड रक्ताचा प्राणी. त्याची प्रतिकारशक्ती आणि जिवाणूची वाढ दोन्ही तापमानावर चालतात, पण वेगवेगळ्या वेगाने. कॉलमनेरिस साधारण २० अंश सेल्सिअसच्या वर जोर धरतो आणि २५ ते ३० अंशांत एकदोन दिवसांत मासे मारू शकतो. सायक्रोफिलमचा रोग याच्या उलट, १६ अंशांच्या खाली, बहुधा १२ अंशांखाली दिसतो. थंडी संपून पाणी झपाट्याने तापू लागतं तो काळही नाजूक असतो, कारण तेव्हा जिवाणू वेगाने वाढायला लागलेले असतात आणि माशाची प्रतिकारशक्ती अजून मागे असते.

तापमानाबरोबर प्राणवायू बदलतो. गोड्या पाण्यात २० अंशांना जास्तीत जास्त सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्रति लिटर प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना सुमारे ७.५. म्हणजे माशाला जास्त श्वास हवा असतो नेमका तेव्हाच पाण्यात कमी श्वास उरतो. शेवाळ माजलेल्या तलावात दिवसा प्राणवायू भरपूर दिसतो आणि पहाटे अगदी कमी होतो, कारण रात्री शेवाळही प्राणवायू वापरतं. बहुतेक मासे ५ मिलिग्रॅमच्या खाली ताणात येतात आणि २-३ च्या खाली अनेक जाती मरायला लागतात. दुपारी मोजलेला प्राणवायू या तपासात जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

जपानमध्ये २००७ साली नद्यांमधले आयू मासे मोठ्या प्रमाणात मेले तेव्हा त्यांच्यात एडवर्डसिएला इक्टालुरी हा मांगूरवर्गी माशांमध्ये ओळखला जाणारा जिवाणू सापडला. कमी पाऊस आणि गरम पाणी ही त्या उन्हाळ्याची पार्श्वभूमी होती. अशा घटना पाहताना मागच्या दोन-तीन आठवड्यांचा हवामानाचा आणि पाण्याच्या विसर्गाचा तपशील हाताशी ठेवा. धरणाचे दरवाजे कधी बंद झाले, पूर कधी ओसरला, विणीसाठी मासे कधी गोळा झाले, यांची तारीख मरतुकीच्या तारखेशेजारी लिहिली की अर्धं चित्र उमटतं.

पायरी ४: काठावर पोहोचल्यावर आधी ‘हा रोग आहे का?’ हे तपासा

मेलेले मासे दिसले की लोक एकतर ‘विष टाकलं’ म्हणतात किंवा ‘रोग आला’ म्हणतात. दोन्ही घाईचे निष्कर्ष. काठावर उभं राहून पुढच्या खुणा पाहा.

प्राणवायू संपला असेल तर मासे बहुधा एका रात्रीत, पहाटेच्या सुमाराला मरतात. अनेक जाती एकदम मरतात, त्यातही मोठे मासे आधी. जिवंत असलेले पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसतात, ओढ्याच्या मुखाशी किंवा जिथे पाणी पडतं तिथे गर्दी करतात. अंगावर जखमा नसतात.

विषबाधा असेल तर लहान-मोठे सगळे, आणि बऱ्याचदा खेकडे, झिंगे, पाणकिडेही सोबत मरतात. मासे गरगर फिरतात, झटके देतात. मरतूक एका जागेपासून सुरू होऊन प्रवाहाबरोबर खाली जाते. अशा वेळी पाण्याचा नमुना पहिल्या काही तासांत घेतला नाही तर पुरावा वाहून जातो, म्हणून संशय असेल तर रोगाचा विचार बाजूला ठेवून आधी स्वच्छ काचेच्या बाटलीत पाणी भरा.

जिवाणूजन्य रोगात मरतूक दिवसागणिक वाढते. पहिल्या दिवशी थोडे, मग जास्त, मग कळस आणि उतार. बहुधा एखादी जात किंवा एका आकाराचे मासेच बळी पडतात. मेलेल्यांबरोबर सुस्त, काठाला आलेले, हाताने धरता येतील असे आजारी मासेही दिसतात. जखमा, लाली, कुजलेले पर दिसतात. अर्थात प्राणवायूच्या एका वाईट रात्रीनंतर वाचलेल्या माशांना आठवडाभराने जिवाणूजन्य रोग झालेला दिसतो, त्यामुळे दोन कारणं एकामागोमाग असू शकतात.

वहीत लिहा: तारीख, वेळ, नेमकी जागा, पाण्याचं तापमान आणि प्राणवायू (शक्य असेल तर पहाटेचा), सामू, पाण्याचा रंग आणि वास, मेलेल्या माशांच्या जाती आणि प्रत्येकीची अंदाजे संख्या व लांबी, किती ताजे, किती कुजलेले, न मेलेल्या जाती कोणत्या. शेवटची नोंद लोक विसरतात. खरं तर कोण मेलं नाही यावरून जितकं कळतं तितकं बऱ्याच प्रयोगशाळेच्या चाचण्यांतूनही कळत नाही. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा आणि माशाच्या दोन्ही बाजू, उघडलेला कल्ला आणि पोट असे वेगवेगळे फोटो घ्या.

पायरी ५: माशाच्या अंगावरच्या खुणा वाचा, पण त्यांवर रोगाचं नाव ठरवू नका

कॉलमनेरिसमध्ये कल्ल्यांवर पिवळट-तपकिरी कुजके पट्टे, तोंडाभोवती पांढरट थर आणि पाठीच्या पराभोवती खोगिरासारखा फिकट डाग दिसतो. अनेकजण त्याला बुरशी समजतात. एरोमोनास रक्तात पसरला तर पोटावर आणि परांच्या मुळाशी लाली, सुजलेलं पोट, बाहेर आलेले डोळे आणि खवले उभे राहिलेले दिसतात. यर्सिनियात तोंड आणि घसा लाल होतो. फुरुंक्युलोसिसमध्ये स्नायूंत गळवं येतात, पण फार झपाट्याने मेलेल्या माशात बाहेरून काहीच दिसत नाही. रेनिबॅक्टेरियममध्ये मूत्रपिंडावर राखट-पांढऱ्या गाठी. क्षयासारखा रोग करणाऱ्या मायकोबॅक्टेरियम या जिवाणूमध्येही यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडात बारीक गाठी, आणि मासा महिनोन्‌महिने खंगत गेलेला.

एक फरक मात्र लक्षात ठेवाच. अंगावर खोल, लाल, गोल व्रण पाडणारा ‘ईयूएस’ (एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम) हा रोग जिवाणूमुळे होत नाही. त्याचं कारण अफॅनोमायसिस इन्व्हाडान्स, बुरशीसारखा दिसणारा एक पाण्यातला जीव. त्याच्या व्रणात एरोमोनास नंतर शिरतो आणि नमुन्यात तोच उगवतो. म्हणून व्रणातून एरोमोनास सापडला एवढ्यावर रोगाचं नाव लिहिणं चुकीचं. ईयूएस जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीत आहे, त्यामुळे तसा संशय आला तर मत्स्य विभागाला कळवणं आवश्यक असतं.

पायरी ६: नमुना योग्य माशाचा, योग्य भागाचा आणि योग्य वेळी घ्या

नमुन्यासाठी सगळ्यात उपयोगी मासा म्हणजे मरायला टेकलेला पण अजून जिवंत असलेला. तो नसेल तर नुकताच मेलेला, ज्याचे कल्ले अजून लाल आहेत, डोळे स्वच्छ आहेत. कल्ले पांढरे पडले, वास आला, पोट फुगलं, की त्या माशातून जे जिवाणू उगवतात ते कुजण्याचे असतात. गरम हवेत यासाठी मिळणारा वेळ तासांत मोजावा लागतो. शक्य असेल तर पाच-सहा आजारी मासे आणि त्याच पाण्यातले एकदोन निरोगी दिसणारे मासे तुलनेसाठी घ्या. मासे धरायला आणि न्यायला परवाना लागतो का, हे आधी विचारून ठेवा.

जिवंत आजारी मासा तडफडत ठेवू नका. डोक्यावर एक नेमका, जोरदार आघात करून त्याला बेशुद्ध करा आणि लगेच मेंदू नष्ट करा, किंवा भूल देणाऱ्या औषधाची जास्त मात्रा वापरा. भूल दिलेला मासा खाण्यासाठी कुणाकडेही जाऊ देऊ नका.

प्रयोगशाळा जवळ असेल तर अख्खा मासा वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत घालून, पिशवीबाहेर बर्फ ठेवून, त्याच दिवशी पोहोचवा. बर्फाचं पाणी माशाला लागू देऊ नका. गोठवू नका, कारण गोठवल्याने ऊतींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या लायकीचे राहत नाहीत आणि काही जिवाणूही मरतात.

प्रयोगशाळा दूर असेल तर काठावरच काम करा:

- माशाच्या बाजूवर ७० टक्के अल्कोहोलचा बोळा फिरवा. ज्योतीत तापवून निवलेल्या कात्रीने पोट उघडा, पण आतड्याला भोक पाडू नका. आतड्यातले जिवाणू सगळ्या नमुन्यात पसरतात.
- पाठीच्या कण्याला चिकटलेल्या गडद लाल पट्ट्याचा, म्हणजे मूत्रपिंडाचा, डोक्याकडचा भाग उघडा करा आणि निर्जंतुक स्वॅब किंवा तारेने तिथून नमुना घ्या. रक्तातून जिवाणू इथे गाळले जातात, त्यामुळे अंतर्गत जिवाणूजन्य रोगात हाच नमुना सगळ्यात महत्त्वाचा.
- बाहेरच्या व्रणाचा नमुना घ्यायचा असेल तर मधला कुजलेला भाग सोडून कडेच्या, नुकत्या बिघडलेल्या भागाचा घ्या.
- कल्ल्याचा छोटा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. सरपटणारे लांब, बारीक जिवाणू एकत्र येऊन गवताच्या गंजीसारखे ढीग करताना दिसले तर कॉलमनेरिसचा संशय बळकट होतो. परजीवीही इथेच सापडतात.
- कल्ला, यकृत, मूत्रपिंड, प्लीहा आणि व्रणाची कड यांचे अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड नसलेले तुकडे १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवा. फॉर्मॅलिन तुकड्यांच्या किमान दहापट हवं.
- रेणवीय (डीएनएच्या) चाचणीसाठी मूत्रपिंडाचा बारीक तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा.

प्रत्येक माशाला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक बाटली, फोटो आणि वहीत वापरा.

पायरी ७: प्रयोगशाळेला काय सांगायचं आणि अहवाल कसा वाचायचा

माणसांचे नमुने तपासणारी प्रयोगशाळा सवयीने ३७ अंशांवर वाढ करते. माशांचे अनेक जिवाणू तिथे नीट उगवत नाहीत. २० ते २५ अंशांवर वाढ करायला सांगा, आणि थंड पाण्यातला रोग असेल तर १५ अंशांवर. नेहमीच्या पोषक माध्यमावर कॉलमनेरिसचा जिवाणू सहसा येत नाही. त्याला कमी पोषणाचं खास माध्यम लागतं आणि तिथे तो पिवळ्या, मुळांसारख्या पसरलेल्या वसाहती करतो. रेनिबॅक्टेरियम वाढायला आठवडे लागतात, म्हणून ‘दोन दिवसांत काही उगवलं नाही’ याचा अर्थ ‘जिवाणू नाही’ असा घेऊ नका. कॉलमनेरिसचा एकच समजला जाणारा जिवाणू २०२२ मध्ये चार जातींत विभागला गेला आहे, त्यामुळे जुन्या आणि नव्या अहवालांतली नावं जुळली नाहीत तर गोंधळू नका.

अहवालात ‘एरोमोनास आढळला’ असं आलं तर तीन गोष्टी विचारा. किती माशांत? मूत्रपिंडातून की फक्त व्रणातून? एकाच प्रकारची दाट वाढ की अनेक प्रकारांची मिसळ? सहापैकी पाच ताज्या माशांच्या मूत्रपिंडातून एकाच जिवाणूची शुद्ध, दाट वाढ, आणि ऊतींच्या तुकड्यांत त्याला साजेशी हानी, असं असेल तर तो दोषी म्हणता येतो. एका शिळ्या माशाच्या जखमेतून चार जिवाणू आले तर त्या अहवालावर काहीही उभारू नका.

पायरी ८: साखळी नकाशावर मांडा

नदीचा साधा नकाशा काढा. त्यावर मरतुकीच्या जागा आणि पहिल्या दिवसाच्या तारखा लिहा. तारखा प्रवाहाबरोबर खाली सरकत असतील तर वरच्या बाजूला स्रोत शोधा. तारखा उलट, खालून वर जात असतील तर चढणाऱ्या माशांबरोबर रोग चालला आहे. दूरदूरच्या, एकमेकांना न जोडलेल्या पाण्यांत एकाच वेळी सुरू झालं असेल तर दोनच शक्यता जास्त खऱ्या: हवामानाने सगळीकडे एकच ताण दिला, किंवा माणसाने मासे, बीज वा जाळी तिकडे नेली. पहिल्या शक्यतेत मुळातले जिवाणू सापडतात, दुसऱ्यात सगळीकडे तोच नेमका प्रकार. जिवाणूंची जनुकीय तुलना इथे खरी उपयोगी पडते.

मग बंधारे, माशांचे अडथळे, मत्स्यशेतीचे सांडपाणी, बीज सोडल्याच्या जागा आणि तारखा, पक्ष्यांच्या वसाहती, गळ टाकण्याच्या जागा यांची भर घाला. बंधाऱ्याखाली अडकून दाटी झालेले मासे हा नकाशावरचा सगळ्यात बोलका बिंदू असतो.

पायरी ९: जिथे तोडता येईल तिथे तोडा

मेलेले मासे काढा. लवकर आणि रोज. हातमोजे घालून हातजाळीने गोळा करा, काठापासून आणि पुराच्या रेषेपासून दूर खोल पुरा किंवा स्थानिक यंत्रणेच्या पद्धतीने नष्ट करा. मोठ्या नदीत सगळे मिळणार नाहीत, पण आटलेल्या डोहात या एका कामाचा मोठा फरक पडतो.

पाणी वाढवता येत असेल तर त्यासाठी आग्रह धरा. क्लॅमथमध्ये २००२ नंतर अनेक वर्षी, धोका दिसला की तिच्या ट्रिनिटी उपनदीवरच्या धरणातून जादा पाणी सोडलं गेलं. थंड पाण्याने तापमान उतरतं, दाटी मोडते, मासे पुढे सरकतात. ज्या नदीवर धरण आहे तिथे रोगावरचा सगळ्यात मोठा उपाय बहुधा धरणाच्या दरवाजात असतो, आणि तो मागण्यासाठी वहीतल्या नोंदी लागतात.

मासेमारी थांबवा, निदान पाणी सगळ्यात गरम असेल तेव्हा. धरून सोडलेला मासा जखमी आणि थकलेला असतो. धरावाच लागला तर हात ओले करा, गाठी नसलेली जाळी वापरा, माशाला कोरड्या जमिनीवर ठेवू नका.

साहित्य एका पाण्यातून दुसऱ्यात नेताना तीन कामं क्रमाने करा. आधी चिखल आणि शेवाळ घासून धुवा, कारण मळ राहिला तर क्लोरीन त्यातच संपून जातं. मग निर्जंतुक करा. ५ टक्क्यांचं ब्लीच १० लिटर पाण्यात ४० मिलिलिटर घातलं की सुमारे २०० मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन मिळतं. त्यात साहित्य १० मिनिटं बुडवा आणि मग स्वच्छ पाण्याने धुवा. ब्लीच कधीही आम्लात मिसळू नका, आणि वापरलेलं द्रावण नदीत ओतू नका. क्लोरीन माशांना अत्यंत विषारी असतं. शेवटी पूर्ण वाळवा, उन्हात, निदान दोन दिवस. वर सांगितलेले बहुतेक जिवाणू बीजाणू करत नाहीत, त्यामुळे कोरडेपणाने ते मरतात. मायकोबॅक्टेरियम मात्र क्लोरीनला चिवट असतो. त्याचा संशय असेल तर ते साहित्य दुसऱ्या पाण्यात नेऊच नका.

मासे, बीज आणि आमिष हलवणं बंद करा. साथीने रिकाम्या झालेल्या तलावात लगेच नवे मासे सोडायचा मोह होतो. सोडू नका. वाचलेल्यांत वाहक असतात आणि नव्या माशांना त्या जिवाणूची ओळख नसते, म्हणून दुसरी साथ पहिल्यापेक्षा वाईट होऊ शकते.

आणि नदीत प्रतिजैविक टाकायचा विचार करू नका. पाण्यात विरून ते माशाला पुरेसं मिळत नाही. गाळातल्या जिवाणूंना तेवढं कमी प्रमाण प्रतिकार शिकायला पुरतं, आणि तोच प्रतिकार पुढे माणसांच्या रोगांत आडवा येतो.

पायरी १०: स्वतःला जपा

मायकोबॅक्टेरियम मरिनम हातावरच्या खरचटीतून शिरून आठवड्यांनी न भरणारी गाठ करतो. एरोमोनासने पोटरीची जखम तासांत चिघळू शकते. टोरंटोमध्ये १९९५-९६ मध्ये ताजे तिलापिया साफ करताना हाताला जखम झालेल्या लोकांना स्ट्रेप्टोकोकस इनी या जिवाणूचा संसर्ग झाला. सिंगापूरमध्ये २०१५ साली गोड्या पाण्यातले कच्चे मासे खाल्ल्याने ब गटाच्या स्ट्रेप्टोकोकसची साथ आली. आजारी मासे हाताळताना जाड हातमोजे घाला, हातावर जखम असेल तर ते काम दुसऱ्याला द्या, काट्याने टोचलं तर लगेच साबणाने धुवा, आणि जखम सुजली तर डॉक्टरांना ‘मासे हाताळले होते’ हे स्वतःहून सांगा. मधुमेह, यकृताचा आजार किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्यांनी या कामापासून दूर राहावं. मेलेले किंवा आजारी मासे कुणीही खाऊ नयेत, जनावरांनाही घालू नयेत.

साथ ओसरल्यावर

मरतूक थांबली की सगळे घरी जातात, आणि सगळ्यात उपयोगी माहिती तेव्हाच निसटते. दोन आठवड्यांनी पुन्हा त्याच डोहांवर जा आणि व्रण भरत आलेले मासे किती दिसतात ते मोजा. पुढच्या विणीच्या काळात आणि पुढच्या पहिल्या उष्ण आठवड्यात पहाटेचं तापमान आणि प्राणवायू मोजा. शक्य असेल तर निरोगी दिसणाऱ्या काही माशांच्या मूत्रपिंडाची चाचणी करून घ्या, म्हणजे वाहक उरलेत का ते कळेल. नोंदी मत्स्य विभागाला द्या आणि वरच्या-खालच्या टप्प्यांवरच्या लोकांनाही द्या, कारण पुढचा आजारी मासा कदाचित त्यांनाच आधी दिसेल.